दुपारचं रिकामं कोर्ट



दर महिन्याच्या पहिल्या रविवारी वंदना आटोपली की विहाराच्या ओसरीत आम्ही टेबल मांडतो. बीपीचं मशीन, साखर तपासायच्या पट्ट्या, वजनकाटा आणि कंबर मोजायला शिंप्याची टेप. दोन वर्षांपूर्वी अशाच एका रविवारी शेजारच्या एका ताईंचं बीपी १६० वर १०० निघालं. आम्ही ठरलेलं सांगितलं : मीठ, लोणचं, पापड कमी करा, गोळी चुकवू नका, रोज थोडा व्यायाम करा. ताई खुर्चीवरून उठल्या, पदर खोचला आणि म्हणाल्या, "सिस्टर, सहा घरची धुणीभांडी करते. लिफ्ट आम्हाला वापरू देत नाहीत, तीन-तीन जिने चढते. घरी आल्यावर नळावरचे हंडे. आता अजून कुठला व्यायाम करू?"

रांगेतल्या सगळ्या हसल्या. आम्हीही हसलो. पण ते वाक्य रात्रभर डोक्यातून गेलं नाही, कारण त्या वेळी आम्हाला त्यांना नीट उत्तर देता आलं नव्हतं.

उत्तर असं आहे. कष्ट आणि व्यायाम शरीराला सारखे नसतात. फरशी पुसताना कंबर तासन्‌तास वाकलेली असते, तेच खांदे, तेच गुडघे झिजतात, मध्ये विसावा नसतो आणि मालकीणबाई घड्याळाकडे बघत असतात. रक्तदाब दिवसभर चढलेला राहतो. व्यायामात हृदय थोडा वेळ जोरात चालतं आणि मग त्याला पुरता आराम मिळतो. कामातल्या कष्टाने हृदयाला तसा फायदा होत नाही, हे बऱ्याच अभ्यासांत दिसलं आहे. जागतिक आरोग्य संघटना मोठ्या माणसांना आठवड्याला निदान १५० मिनिटं दम लागेल अशी हालचाल करायला सांगते. आणि आपल्याकडे गरज किती आहे बघा. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीत भारतात १० कोटींहून जास्त लोकांना मधुमेह असल्याचं निघालं. आपल्या लोकांत तो बारीक अंगाच्या माणसालाही होतो, म्हणून आम्ही वजनापेक्षा कंबर आधी मोजतो. बाईची ८० सेंटीमीटरच्या वर आणि पुरुषाची ९० च्या वर गेली की सावध व्हायचं.

म्हणून आधी आम्ही चालायला सुरुवात केली. तथागतांनी चंक्रमणाचे म्हणजे चालण्याचे फायदे सांगितले आहेत, त्यात अन्न पचणं आणि आजार कमी होणं हेही आहे. हे सांगून पहाटे साडेपाचला अकरा जणी जमवल्या. वस्तीतून मोठ्या रस्त्यापर्यंत आणि परत. पंधरा दिवसांत सात उरल्या, पावसाळा लागला तेव्हा दोन. कुत्री मागे लागत, फुटपाथवर गाड्या उभ्या असत आणि नाक्यावरच्या पोरांची शेरेबाजी वेगळीच. पण खरं कारण एकीने तोंडावर सांगितलं : "कंटाळा येतो हो. आयुष्यभर चालतोच आहे की आपण."

इंग्लंडचा मोठा चेंडू

आमच्याबरोबर वॉर्डात ड्यूट्या केलेली एक मैत्रीण बरीच वर्षं इंग्लंडमध्ये नर्स आहे. तिच्याशी फोनवर हे रडगाणं चाललं असताना तिने तिच्या घराजवळच्या स्पोर्ट्‌स क्लबची गोष्ट सांगितली. तिथे ती रॅकेटबॉल खेळते. आम्ही हे नावही ऐकलं नव्हतं. चार भिंतींच्या बंद खोलीत रॅकेटने चेंडू भिंतीवर मारायचा, असा स्क्वॉश नावाचा खेळ आहे. स्क्वॉशचा चेंडू छोटा, ४० मिलिमीटरचा, आणि थंड असला की उसळतच नाही. नवशिक्या माणसाने एकदा मारला की दुसऱ्यांदा सापडत नाही. धावून धावून फेस येतो आणि माणूस पुन्हा येत नाही. रॅकेटबॉल त्याच खोलीत खेळतात, पण चेंडू ५७ मिलिमीटरचा आणि भरपूर उसळणारा, रॅकेट आखूड. चेंडू हवेत जास्त वेळ राहतो, म्हणून पन्नाशीची बाईही त्याच्यापर्यंत पोचते. ब्रिटनमध्ये हा खेळ १९७६ च्या सुमारास सुरू झाला आणि २०१६ साली जागतिक स्क्वॉश महासंघाने त्याला चेंडूच्या मापावरून "स्क्वॉश ५७" असं नाव दिलं.

तिच्या क्लबात दुपारी कोर्टं रिकामी पडत. क्लबने त्या वेळेचे पैसे कमी केले, नवख्यांना रॅकेट तिथल्या तिथे दिली, आणि जोडीदार नसला तरी या, आम्ही लावून देऊ, असं सांगितलं. शेवटच्या गोष्टीने सगळ्यात जास्त माणसं आली, असं ती म्हणते. खेळ संपला की अर्धा तास चहा. ती म्हणाली, "अगं, मी पहिल्या वर्षी खेळायला कमी आणि चहाला जास्त जात होते. या देशात मला कुणी नावाने हाक मारणारं तिथे भेटलं."

स्क्वॉशची खोली आपल्या वस्तीत कुठून आणायची? पण तिच्या बोलण्यातलं मर्म आम्ही धरलं. खेळ माणसाला झेपेल एवढा हळू करायचा, रिकामी वेळ शोधायची, आणि एकटी आलेली बाई एकटी परत जाता कामा नये.

आम्ही बॅडमिंटन निवडलं. ते आपल्या घरचंच आहे म्हणा. १८७० च्या दशकात पुण्याच्या लष्करात इंग्रज अधिकारी हा खेळ खेळत आणि त्याचं एक नावच "पूना" होतं. त्यांच्या बंगल्यांवर राबणारी, पाणी भरणारी माणसं कोण होती, ते आपल्याला माहीत आहे.

विहाराच्या पटांगणात दोन खांबांना साडी बांधून जाळी केली. खरी जाळी मध्यावर दीड मीटरहून थोडी उंच असते, आम्ही ती छातीएवढी ठेवली. पहिला आठवडा शटल नव्हतंच, पोरांच्या वाढदिवसाचे फुगे होते. फुगा हळू येतो, त्यामुळे कुणाचाच फटका चुकत नाही. मग स्पंजचा चेंडू, मग प्लॅस्टिकचं शटल, ज्याला आपण फूल म्हणतो. रॅकेटी भिशीतून आल्या. महिन्याला पन्नास रुपये आणि जिची चिठ्ठी निघेल तिला रॅकेट. साडी, गाऊन, पंजाबी ड्रेस, जे अंगावर असेल ते, फक्त ओढणी कमरेला गाठ मारून बांधायची, नाहीतर पायात येते. बाजूच्या घरातल्या एका आजींनी खिडकीतून बघत "काय ही थेरं" म्हटलं. त्याच आजी आता खुर्ची टाकून गुण मोजतात आणि त्यांनी दिलेला निकाल फिरवायची कुणाची हिंमत नाही.

दारापाशी

पावसाळ्यात पटांगण चिखल झालं. वस्तीपासून दहा मिनिटांवर महापालिकेच्या जागेवर एक क्रीडासंकुल आहे. लोक त्याला क्लबच म्हणतात. आत लाकडी जमिनीची तीन कोर्टं, वर दिवे. चालवायला एका संस्थेकडे दिलेलं. आम्ही पाच जणी चौकशीला गेलो. काउंटरवरच्या माणसाने वर न बघता सांगितलं, "कामाला ठेवायचं असेल तर ऑफिसात विचारा." खेळायला आलोय म्हटल्यावर त्याने आमच्या चपलांकडे पाहिलं. मग बूट हवेत, पोशाख हवा, मेंबर हवं, सगळी वेळ बुक आहे, असं एकेक निघत गेलं. वाईट काही बोलला नाही. आवाजही चढवला नाही. पण आपल्याला तो सूर ओळखू येतो.

आमच्या पाच जणींतली एक त्याच संकुलात ठेकेदाराकडून सफाईला आहे. रोज सकाळी सहाला तीच दार उघडते, तिन्ही कोर्टं कोरड्या मॉपने पुसते. सात वर्षं ती ते करत आली आहे. त्या दिवशी ती आमच्या मागे उभी होती आणि काउंटरवरच्या माणसाने तिला ओळखलं नाही. गणवेशात नव्हती ना.

आपल्या समाजाला ही गोष्ट नवी नाही. पळवणकर बाळू यांचं नाव आपण मुलांना सांगायला हवं. चर्मकार समाजात १८७६ साली जन्मलेला हा माणूस पुण्यात गोऱ्यांच्या क्लबवर महिना चार रुपयांवर मैदानाची कामं करायचा. रोलर फिरवायचा, खेळपट्टी आखायची, जाळी लावायची आणि साहेबांना सराव म्हणून चेंडू टाकायचे. चेंडू टाकायचे, बॅट मात्र हातात मिळायची नाही. पुढे हिंदू संघाला जिंकण्यासाठी त्यांची गोलंदाजी हवी झाली. मैदानावर सगळे तोच चेंडू हाताळायचे, पण चहाच्या वेळी बाळूंना बाहेर, वेगळ्या मातीच्या पात्रात चहा. १९११ च्या इंग्लंड दौऱ्यात त्यांनी शंभराहून जास्त बळी घेतले. त्यांचे भाऊ विठ्ठल १९२३ साली हिंदू संघाचे कर्णधार झाले. हेच बाळू १९३७ च्या निवडणुकीत बाबासाहेबांच्या विरोधात उभे राहिले आणि हरले, तेही आपण विसरत नाही. पण मैदान राखणाऱ्याला मैदानावर खेळू न देण्याची रीत किती जुनी आहे, हे कळायला बाळूंएवढा दुसरा दाखला नाही.

आणि दुसरी आठवण महाडची. बऱ्याच जणांना वाटतं, चवदार तळं कायद्याने बंद होतं. तसं नव्हतं. सार्वजनिक पाणवठे सगळ्यांना खुले करावेत, असा रावबहादूर बोले यांचा ठराव मुंबई कायदेमंडळात १९२३ साली मंजूर झाला होता. महाड नगरपालिकेने १९२४ साली तळं खुलं केल्याचं जाहीरही केलं होतं. कागदावर तळं खुलं होतं. पाणी प्यायला मात्र कुणी जाऊ धजत नव्हतं. २० मार्च १९२७ ला बाबासाहेब हजारो माणसांना घेऊन तिथपर्यंत गेले, तेव्हा त्या कागदाला अर्थ आला. बॅडमिंटनच्या कोर्टाची चवदार तळ्याशी बरोबरी करायची नाही आम्हाला, तेवढी अक्कल आहे. पण संविधानाचं कलम १५ उघडून बघा. सरकारी पैशातून चालणाऱ्या विहिरी, तलाव, रस्ते आणि लोकांच्या वावराच्या जागा वापरण्यापासून कुणालाही जात, धर्म, लिंग अशा कारणावरून अडवता येणार नाही, असं त्यात लिहिलेलं आहे. महापालिकेच्या जागेवरचं संकुल त्यातच येतं.

आम्ही भांडलो नाही. माहितीच्या अधिकारात अर्ज टाकला. दहा रुपये लागतात, दारिद्र्यरेषेखालच्या कार्डवाल्यांना तेही नाही, आणि तीस दिवसांत उत्तर द्यावं लागतं. दोनच प्रश्न विचारले. संस्थेबरोबरच्या करारात नागरिकांसाठी काय अटी आहेत? आणि गेल्या तीन महिन्यांचं कोर्टाचं वेळापत्रक, तासावारी. उत्तर आलं, त्यात दुपारी एक ते चार तिन्ही कोर्टांपुढे रोज रेघ. रिकामी. पहाटे आणि संध्याकाळी खरंच जागा नव्हती, काउंटरवाला तेवढ्यापुरता खरं बोलला होता.

आणि आमच्या बायकांची रिकामी वेळ कोणती? धुणीभांडी करून दीड-दोनला घरी येतात, संध्याकाळचं काम पाचला सुरू होतं. मधले तीन-साडेतीन तास. इंग्लंडच्या मैत्रिणीचं बोलणं आठवलं आणि आम्ही संस्थेच्या व्यवस्थापकांकडे गेलो. करार पुढे ठेवला, वेळापत्रक ठेवलं आणि म्हटलं, साहेब, तुमच्या पडून असलेल्या वेळेचे आम्ही थोडे का होईना पैसे देतो. कलम १५ ची प्रत पिशवीत होती, ती काढावी लागली नाही. मंगळवार, गुरुवार, शनिवार, अडीच ते चार, एक कोर्ट. आमची पहिली मागणी मात्र कोर्टाची नव्हती. बायकांच्या संडासाला कुलूप असायचं, ते उघडा आणि आत कडी बसवा, ही होती. ज्यांनी संकुल बांधलं त्यांच्या ध्यानात हे आलं नव्हतं. बाई घरून निघण्याआधी मनात पहिला हाच हिशोब करते.

जे आम्हालाच आधी कळायला हवं होतं

आत गेल्यावर तिसऱ्याच आठवड्यात आमच्या हातून मोठी चूक झाली. एक ताई, वय पन्नास, साखरेच्या गोळ्या चालू. कामावरून थेट आल्या होत्या, सकाळी गोळी घेतली होती आणि जेवण राहिलं होतं. वीस मिनिटं खेळल्यावर त्यांना दरदरून घाम सुटला. आम्हाला वाटलं, दमल्या. मग हात थरथरायला लागले, बोलणं अडखळलं आणि त्या मटकन खाली बसल्या. मशीनवर साखर ५४. इतकी वर्षं वॉर्डात काढून, खेळायच्या आधी "जेवलात का" हा एक प्रश्न आम्ही विचारला नव्हता. साखर-पाणी पाजलं, पंधरा मिनिटांत सावरल्या. पण ती पंधरा मिनिटं आम्ही विसरणार नाही.

म्हणून हे नीट वाचा. ग्लिमेपिराइडसारख्या गोळ्या किंवा इन्सुलिन घेणाऱ्यांची साखर रिकाम्या पोटी खेळताना एकदम खाली येऊ शकते. फक्त मेटफॉर्मिन घेणाऱ्यांना हा धोका फार कमी. घाम, थरथर, धडधड, चिडचिड, डोळ्यांपुढे अंधारी, बोलण्यात गोंधळ, ही लक्षणं. माणूस शुद्धीवर असेल तर तीन चमचे साखर पाण्यात कालवून द्यायची, पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासायचं, ७० च्या वर आली की पोळी किंवा भाकरी खायला लावायची. शुद्ध हरपली असेल तर तोंडात काहीही घालायचं नाही, घशात अडकतं. कुशीवर वळवायचं आणि १०८ ला फोन. आता आमच्या पिशवीत रॅकेटच्या आधी साखरेची पुडी असते.

बीपी १८० वर ११० किंवा त्याहून जास्त असेल त्या दिवशी खेळायचं नाही, दवाखान्यात जायचं. चालताना छातीत आवळल्यासारखं होत असेल, डोळ्याच्या पडद्यावर रक्तस्राव झालेला असेल, पायाला जखम असेल, तर आधी डॉक्टर. मधुमेहवाल्यांनी रात्री पाय उलटे करून तळवे बघायचे, आरसा धरा नाहीतर नातवाला सांगा. बधिर पायाला बूट लागलेला कळत नाही. खेळाआधी दहा मिनिटं जागच्या जागी चालणं, खांदे फिरवणं, टाचा वर-खाली करणं. तिशी-चाळिशी ओलांडलेल्या माणसाने एकदम झेप घेतली की टाचेच्या वरची शीर तुटू शकते. बॅडमिंटनमध्ये हे बरंच होतं. मागून कुणीतरी लाथ मारल्यासारखं वाटतं, वळून बघावं तर कुणी नसतं. तसं झालं तर मालिश करत बसू नका, हाडाचे डॉक्टर गाठा. आमच्याकडे नियम आहे, उडी मारायची नाही. जे फूल उडी मारून मिळेल ते गेलं.

आता जे कुणी लिहीत नाही ते. चार जणी अचानक यायच्या बंद झाल्या. एकीने गुडघा सांगितला, एकीने पाहुणे. शेवटी एकीने कानात सांगितलं : पळताना लघवी निसटते. विचारत गेलो तर निम्म्या जणींना तो त्रास. तीन-चार बाळंतपणं झाली, बाळंतपणानंतर आठवड्यात कामावर गेल्या, जड उचललं, तर खालचे स्नायू सैल पडतात. यात लाज वाटण्यासारखं काही नाही, आणि बहुतेकींचं औषधाशिवाय बरंच सुधारतं. लघवी मध्येच रोखताना जे स्नायू आवळतो ते पाच सेकंद आवळून धरायचे, पाच सेकंद सैल सोडायचे. असं दहा वेळा, दिवसातून तीनदा. भांडी घासताना, बसमध्ये, कुठेही करता येतं, कुणाला कळत नाही. पोट आणि मांड्या आवळायच्या नाहीत, श्वास रोखायचा नाही. नेमाने तीन महिने करा. अंग बाहेर आल्यासारखं वाटत असेल किंवा लघवीत आग, रक्त असेल, तर बाईंच्या डॉक्टरला दाखवा. आम्ही हे कोर्टावरच, वॉर्म-अपमध्ये शिकवायला लागलो. चारही जणी परत आल्या.

माणसं टिकतात कशाने

पहिले सहा महिने आम्ही एक शिडी लावली होती. फळ्यावर नावं, वरच्या नंबरला हरवलं की वर चढायचं. चुरस आली, पण शिडीच्या तळाशी नेहमी त्याच तिघी आणि त्याच तिघी कमी यायला लागल्या. जन्मभर तळाला राहून कंटाळलेल्या बायकांना आम्ही पुन्हा फळ्यावर तळाला लिहीत होतो. शिडी पुसून टाकली. आता चिठ्ठ्या टाकतो. दर वेळी नवी जोडीदारीण, एक मुरलेली आणि एक कच्ची. खेळ एकवीसऐवजी अकरा गुणांचा, म्हणजे बाकावर फार वेळ बसावं लागत नाही. एखादी दोन वेळा आली नाही तर तिच्या घरी कुणीतरी जातंच. जाब विचारायला नाही, चहाला.

गट पडायला आपल्याकडे वेळ लागत नाही, हे चळवळीतल्या माणसांना आम्ही काय सांगावं? बॅडमिंटनमध्येही पडले. वरच्या गल्लीच्या आणि खालच्या गल्लीच्या. चिठ्ठ्यांनी ते भांडण बरंचसं मोडलं. मग मातंग वस्तीतल्या चौघी आल्या, दोन मुस्लिम ताई बुरखा काढून आतल्या कपड्यांवर खेळतात, त्यांच्यासाठी दाराला पडदा लावतो. एकदा खेळून झाल्यावर एका नव्या बाईने पाण्याची बाटली तोंडाला न लावता वरून प्यायली आणि मागची बाटली मात्र आपल्यापासून दूर सरकवली. कुणी काही बोललं नाही. पुढच्या वेळी पाणी मोठ्या स्टीलच्या पिंपात आणि एकच पेला ठेवला. ती दोन वेळा तहानलेली राहिली. तिसऱ्यांदा प्यायली. आजार पसरू नये म्हणून पेला दर वेळी विसळतो, ते वेगळं.

रॅकेटचे खेळ आयुष्य वाढवतात, असं तुम्ही कुठेतरी वाचलं असेल. इंग्लंड-स्कॉटलंडमधल्या ८० हजारांहून जास्त लोकांचा एक अभ्यास २०१६ साली प्रसिद्ध झाला. त्यात रॅकेटचे खेळ खेळणाऱ्यांत मृत्यूचं प्रमाण ४७ टक्क्यांनी कमी दिसलं, पोहणाऱ्यांपेक्षाही कमी. पण हुरळून जाऊ नका. त्या देशात रॅकेट हातात घ्यायला ज्यांना फुरसत आणि पैसा आहे, त्यांचं जेवण, घर, नोकरी आधीच बरी असते. किती फायदा खेळाचा आणि किती परिस्थितीचा, हे अशा अभ्यासातून पुरतं वेगळं काढता येत नाही. आमचं विचाराल तर वजनं फारशी उतरलेली नाहीत. काहींची साखर उतरली, काहींची नाही. ज्या ताईंनी आम्हाला तो प्रश्न विचारला होता, त्यांचं बीपी गेल्या रविवारी १३४ वर ८६ होतं, पण त्या आता गोळी रोज घेतात, तेही कारण आहे. गोळी रोज का घेता असं विचारलं तर म्हणाल्या, "न घेऊन कोर्टावर गेले तर सगळ्या जणी बोलतात." इतकी वर्षं दवाखान्यात घसा कोरडा करून आम्हाला जे जमलं नाही, ते बावीस बायकांनी मिळून केलं.

संकुलात सफाई करणारी आमची ताई मात्र बरेच महिने बाकावरच बसायची. "मी सकाळी तीन वेळा फिरते यावर," म्हणायची. तिला भीती ठेकेदाराची होती. बघितलं तर काढून टाकेल. आम्ही व्यवस्थापकांकडून लेखी घेतलं की ड्यूटी संपल्यावर ती इतर कुणाहीसारखी येऊ शकते. तो कागद ती अजून ब्लाउजमध्ये ठेवते. पहिल्या दिवशी तिने सर्व्हिस करायच्या आधी खाली वाकून एक केस उचलला, जमिनीवर पडलेला, आणि मगच फूल उडवलं. ते जाळीत गेलं. आता तिची सर्व्हिस आमच्यात सगळ्यात अवघड आहे. कोर्टाचा कुठला कोपरा घसरतो, कुठल्या दिव्याखाली फूल दिसत नाही, हे तिच्याइतकं तिथल्या मेंबरांनाही माहीत नाही.

आमची परवानगी मार्चमध्ये संपते. या वेळी आम्ही दुसरं कोर्ट मागणार आहोत, आणि रविवारची सकाळ, कारण कारखान्यात जाणाऱ्या मुलींना दुपार जमत नाही. रविवारची सकाळ रिकामी नसते, त्यामुळे या वेळी पिशवीतली प्रत कदाचित काढावी लागेल. तुमच्या भागातल्या संकुलाचं वेळापत्रक तुम्हीही मागवा. अर्जाचा नमुना विहारात ठेवला आहे. आणि आमच्याकडे यायचं असेल तर जेवून या, गोळ्यांचं पाकीट सोबत आणा. बूट नसले तरी चालेल. पाच आणि सहा नंबरचे दोन-दोन जोड आमच्याकडे आहेत, सात नंबरचा कुणाकडे पडून असेल तर पाठवा.